पाण्याविना, आगीविना : वाहत्या लवणांची कथा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या सॅक्रिस्टीतील एका जुन्या चषकाचा आतील मुलामा झिजून खालची चांदी डोकावू लागली होती. मिस्सासाठी वापरावयाचा चषक सोन्याहून हलक्या धातूचा असेल, तर त्याचा आतील भाग सोन्याने मढविलेला असावा, असा ख्रिस्तसभेचा सर्वसाधारण दंडक आहे. तेव्हा तो चषक घेऊन आम्ही पुण्याच्या एका पेठेत मुलामा देणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने आम्हांस उंबऱ्यावरच थांबविले. "फादर, आत येऊ नका. ते पाणी विषारी आहे," असे तो अगदी सहज म्हणाला.

त्याच्या हाताखाली काम करणारे एक मध्यमवयीन गृहस्थ आमच्या ओळखीचे निघाले. पूर्वी ते क्रोमचा मुलामा देणाऱ्या एका कारखान्यात नोकरीस होते. तेथे काढलेल्या वर्षांची खूण त्यांच्या नाकात राहिली होती. दोन नाकपुड्यांमधील पडद्यास आरपार छिद्र पडले होते. "आमच्या खात्यात पुष्कळांना असे व्हायचे. दुखत नाही, म्हणून कोणी बोलत नसे," एवढेच ते म्हणाले. चषक नवा होऊन परत आला. पण मनात एक प्रश्न ठाण मांडून बसला. धातूला झळाळी देण्याच्या कामात माणसाच्या श्वासाचे मोल का द्यावे लागावे? त्या प्रश्नाचा मागोवा घेता घेता आम्ही विज्ञानाच्या एका फारशा परिचित नसलेल्या दालनात जाऊन पोहोचलो. तेथे जे पाहिले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

मुलाम्याची विद्या फार जुनी. पूर्वी सोने पाऱ्यात कालवून त्याचा लेप भांड्यावर चोळीत आणि भांडे विस्तवावर धरीत. पारा वाफ होऊन उडून जाई व सोने मागे उरे. ती वाफ कारागिराच्या छातीत जाई. हात थरथरणे, दात पडणे आणि अकाली मृत्यू हे या धंद्याचे ठरलेले सोबती होते. १८०० साली व्होल्टाने विजेचा पहिला घट तयार केला आणि अवघ्या पाच वर्षांत, १८०५ मध्ये, इटलीतील पाव्हिया येथील ब्रुन्यातेल्ली याने त्या घटाच्या साहाय्याने चांदीच्या पदकांवर सोने चढवून दाखविले. पुढे १८४० मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी सायनाइडच्या द्रावणातून मुलामा देण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले आणि पाऱ्याचा प्रघात हळूहळू मागे पडला. पारा गेला, पण त्याच्या जागी सायनाइड आले. एक विष गेले आणि दुसरे आले, असा हा इतिहास आहे.

सायनाइडच का? याचे उत्तर धातूंच्या स्वभावात आहे. सोने, तांबे, लोखंड, निकेल, कोबाल्ट, क्रोमियम हे धातू रसायनशास्त्रात 'संक्रमणी' म्हणून ओळखले जातात. द्रावणात हे धातू सहसा एकटे राहत नाहीत. मध्यभागी धातूचा अणू आणि त्याच्या भोवती त्यास धरून बसलेले काही सोबती, असे त्यांचे कुटुंब असते. या कुटुंबास 'जटिल संयुग' असे म्हणतात. त्याची रचना कशी असते हे १८९३ मध्ये झुरिकच्या आल्फ्रेड वेर्नर यांनी प्रथम नीट उलगडून दाखविले व त्यासाठी १९१३ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. मुलाम्याच्या कुंडात सोन्याच्या प्रत्येक अणूस सायनाइडचे दोन सोबती धरून असतात. ते त्यास पाण्यात विरघळलेले ठेवतात आणि ऋणाग्रावर, म्हणजे आमच्या चषकावर, ते सोने सावकाश व एकसारखे बसू देतात.

सोबती बदलला की धातूचे वागणे बदलते, रंगसुद्धा बदलतो. कॅमेऱ्याच्या पेटीत किंवा औषधांच्या खोक्यात पूर्वी सर्रास आढळणारे सिलिकाचे निळे खडे वाचकांनी पाहिले असतील. हवेतील दमटपणा शोषून ते गुलाबी होतात. ही किमया त्यांतील कोबाल्टची. कोरडा असताना तो निळा असतो. पाण्याचे रेणू त्याच्या भोवती येऊन बसले की तो गुलाबी होतो. म्हणजे ज्यास आपण निव्वळ विरघळविणारे माध्यम समजतो ते पाणी तटस्थ साक्षीदार नसते, तर खटल्यातील पक्षकार असते. ते धातूचे जुने सोबती हुसकून स्वतः तेथे ठाण मांडते.

विजेच्या बाबतीत तर पाण्याची ढवळाढवळ अधिकच. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्ही यांना याचा अनुभव आला. क्षाराच्या पाण्यातील द्रावणातून त्यांनी वीज सोडली, तेव्हा क्षारातील धातू हाती लागलाच नाही. पाण्याचेच विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडले. अखेर ऑक्टोबर १८०७ मध्ये त्यांनी किंचित ओलसर पोटॅश विजेनेच वितळविला आणि पोटॅशियमचे चकाकते थेंब बाहेर आले. पुढे काही दिवसांतच सोडियमही मिळाला. डेव्हींचे शिष्य मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्ये दाखवून दिले की घन अवस्थेत वीज वाहू न देणारी अनेक लवणे वितळताच वीज वाहू देतात. लवण ज्या विद्युत्भारित कणांचे बनलेले असते, ते वितळल्यावर मोकळे होतात. त्यांना 'आयन' हे नावही १८३४ मध्ये फॅरडेंनीच दिले.

अशा रीतीने रसायनशास्त्रज्ञांपुढे दोनच वाटा होत्या, पाण्याची किंवा आगीची. खाण्याचे मीठ वितळवावयाचे तर सुमारे ८०० अंश सेल्सियस उष्णता लागते. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू यांनी ॲल्युमिनियम मिळविण्याची जी पद्धत शोधली आणि जी आजही चालू आहे, तिच्यातील वितळलेल्या क्रायोलाइटच्या कुंडाचे तापमान ९५० अंशांच्या आसपास असते. आपल्या स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमचे प्रत्येक पातेले अशा आगीतून आलेले आहे. कारण पाण्याच्या द्रावणातून ॲल्युमिनियम येतच नाही. त्याच्या आधी पाणीच फुटते.

नाकातील छिद्राचे मूळही येथेच आहे. क्रोमच्या मुलाम्याचा व्यापारी प्रसार १९२० च्या दशकापासून झाला. मोटारींचे बंपर, सायकलींचे हँडल, नळाच्या तोट्या या सर्वांची चकाकी त्यातूनच आली. क्रोमिक आम्लाच्या या कुंडात सोडलेल्या विजेचा लहानसा भागच क्रोमियम बसविण्याच्या कामी येतो. उरलेली बहुतेक वीज पाणी फोडण्यात जाते. त्यातून निघणारे वायूचे असंख्य बुडबुडे पृष्ठभागावर येऊन फुटतात आणि प्रत्येक बुडबुडा आम्लाचा सूक्ष्म तुषार हवेत उडवतो. त्या तुषारातील क्रोमियम सहा संयुजेचे असते. नाकाच्या पडद्यास तेच पोखरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९० मध्ये अशा क्रोमियम संयुगांची गणना माणसास निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या पदार्थांत केली. आमच्या परिचयाच्या त्या गृहस्थांनी वर्षानुवर्षे श्वासावाटे घेतले ते हे.

पाणीही नको आणि आगही नको, अशी तिसरी वाट असू शकते काय? नेहमीच्या हवेत, हातास सोसेल अशा उष्णतेत पाण्यासारखे वाहणारे लवण असू शकते काय? या वाटेवरील पहिल्या काही पाऊलखुणांपैकी एक आपल्याच देशात उमटली. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आचार्य प्रफुल्लचंद्र राय आणि त्यांचे सहकारी रक्षित यांनी १९११ मध्ये एथिल अमोनियम नायट्राइट व त्यासारखी काही लवणे तयार केली. त्यानंतर तीन वर्षांनी, १९१४ मध्ये, रीगा येथील पाउल वाल्डेन यांनी याच घराण्यातील एथिल अमोनियम नायट्रेट हे लवण १२ ते १४ अंशांनाच वितळत असल्याचे नोंदविले. पुण्याच्या थंडीतील एखाद्या पहाटे ते गोठेल आणि न्याहरीच्या वेळेपर्यंत पुन्हा वाहू लागेल. वाल्डेन यांस नवे द्रव शोधावयाचे नव्हते. वितळलेल्या लवणांची विद्युत्वाहकता साध्या उपकरणांनी मोजता यावी, म्हणून त्यांना कमी उष्णतेस वितळणारी लवणे हवी होती. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. हा शोध पुढे कित्येक दशके जवळजवळ दुर्लक्षितच राहिला.

असे लवण इतक्या कमी उष्णतेस का वितळते, हे मंडईतील उदाहरणाने समजेल. लिंबांची रास नीट रचता येते, कारण सारी लिंबे गोल व जवळजवळ सारखी असतात. आल्याच्या वेड्यावाकड्या तुकड्यांची तशी रास रचू गेल्यास ती पुनःपुन्हा ढासळते. मिठातील आयन लिंबांसारखे एकमेकांस घट्ट लागून बसतात; त्यांना विलग करण्यास मोठी आग लागते. या नव्या लवणांतील एक आयन तरी आल्याच्या तुकड्यासारखा मोठा व बेढब असतो. रास घट्ट बसतच नाही, म्हणून थोड्या उष्णतेनेही ती वाहू लागते.

दरम्यान पुण्यातही रसायनशास्त्राचे मोठे पीठ उभे राहिले. ६ एप्रिल १९४७ रोजी मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते पाषाणच्या माळावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला बसली आणि ३ जानेवारी १९५० रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंनी तिचे उद्‌घाटन केले. १९५२ ते १९५७ या काळात तिचे संचालक असलेले जॉर्ज इंगल फिंच हे मोठे विलक्षण गृहस्थ होते. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूची नळकांडी पाठीवर घेऊन ८,३०० मीटरांवर चढून गेलेले गिर्यारोहक, ही त्यांची एक ओळख. दुसरी ओळख आमच्या विषयाशी निगडित आहे. विजेने ऋणाग्रावर बसविलेल्या धातूचे स्फटिक कसे वाढतात, याचा अभ्यास त्यांनी पुण्यास येण्यापूर्वी इंग्लंडमध्ये इलेक्ट्रॉन किरणांच्या साहाय्याने केला होता. मुलाम्याचा थर नेमका कसा बसतो, हे जाणणारा माणूस पुण्याच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखपदी होता, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

प्रयोगशाळेच्या उद्‌घाटनास वर्ष लोटले आणि १९५१ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथून हर्ली आणि वीर यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. एथिल पिरिडिनियम ब्रोमाइड आणि ॲल्युमिनियम क्लोराइड हे दोन घन पदार्थ योग्य प्रमाणात एकत्र केले असता त्यांचा द्रव बनतो आणि त्यातून नेहमीच्या तापमानास ॲल्युमिनियमचा मुलामा देता येतो, असे त्यांनी दाखविले. जे काम केवळ ९५० अंशांच्या भट्टीत होई, ते टेबलावरच्या काचपात्रात होऊ लागले. मात्र या द्रवास हवेतील ओलावाही सोसत नसे. दमट हवेचा स्पर्श होताच तो बिघडे व त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघे.

पुढचे महत्त्वाचे पाऊल १९७५ मध्ये पडले. अमेरिकेतील कोलोरॅडो येथे रॉबर्ट ऑस्टरयंग आणि हेलेना चुम यांनी आपल्या सहकाऱ्यांसह अशाच वाहत्या लवणात लोखंडाची जटिल संयुगे विरघळवून विजेच्या साहाय्याने त्यांची परीक्षा केली. एखाद्या संयुगातील लोखंड केव्हा इलेक्ट्रॉन सोडते, केव्हा परत घेते, हे पाण्याच्या लुडबुडीशिवाय पाहता आले. १९८२ मध्ये अमेरिकी वायुदलाच्या अकादमीतील जॉन विल्क्स यांनी चार्ल्स हसी व इतर सहकाऱ्यांसह इमिडाझोलियम या वलयाकृती आयनाची अधिक टिकाऊ लवणे पुढे आणली. त्यांचा हेतू शांततेचा होता असे म्हणवत नाही. क्षेपणास्त्रांत वापरल्या जाणाऱ्या, शेकडो अंश उष्णता लागणाऱ्या विद्युत् घटांना त्यांना सौम्य पर्याय हवा होता. तथापि ज्ञान एकदा प्रकट झाले की ते एकाच दाराने बाहेर पडत नाही. हसी व इतरांनी पुढे संक्रमणी धातूंच्या क्लोराइड संयुगांचा या द्रवांत कसून अभ्यास केला. पाण्यात ज्या कोबाल्टला क्लोराइडचे सोबती सहज टिकविता येत नाहीत, त्याच्या भोवती क्लोराइडने समृद्ध अशा या लवणात चार क्लोराइड निवांत राहू शकतात. १९९२ मध्ये विल्क्स व झावोरोत्को यांनी हवेतही टिकणारी लवणे तयार केली आणि जगभरच्या प्रयोगशाळांत या द्रवांचा प्रवेश सुकर झाला.

पुण्यातही तो झाला. २००२ मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील के. व्ही. श्रीनिवासन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका इमिडाझोलियम लवणात, मिथेनॉलची जोड देऊन, श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने सुझुकी अभिक्रिया ३० अंशांस घडवून आणली. कार्बनची दोन वलये एकमेकांस जोडणारी ही अभिक्रिया औषधनिर्मितीत फार उपयोगी आहे. तिचे जनक सुझुकी यांना २०१० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुण्याचा हा प्रयोग विजेचा नव्हता. मात्र त्यात उत्प्रेरक म्हणून घातलेले पॅलेडियम हे संक्रमणी धातूंपैकीच, आणि त्याने त्या लवणाच्या आयनापासूनच आपले सोबती मिळवून जटिल संयुग बनविले. म्हणजे तेथेही माध्यम तटस्थ राहिले नाही. पाण्यास पक्षकार म्हणून बाहेर काढले, तरी त्याच्या जागी येणाराही पक्षकारच असतो, हा धडा पाषाणच्या त्या काचपात्रानेही दिला.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात अँड्र्यू ॲबट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दोन अगदी स्वस्त पदार्थ एकत्र केले. एक, कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते कोलीन क्लोराइड. दुसरा, आपला शेतकरी शेतात टाकतो तो युरिया. पहिला ३०० अंशांच्या आसपास वितळतो, दुसरा १३३ अंशांस. एकास दोन या प्रमाणात मिसळल्यावर त्यांचे मिश्रण १२ अंशांसच वितळते. पुढील वर्षी, २००४ मध्ये, त्यांनी कोलीन क्लोराइडमध्ये तीन संयुजेच्या क्रोमियमचे लवण मिसळून जो द्रव मिळविला, त्यातून क्रोमचा मुलामा बसवून दाखविला. तीन संयुजेचे क्रोमियम सहा संयुजेच्या भावंडाइतके घातक नाही. शिवाय या कुंडात पाणी अल्प, म्हणून पाणी फुटून उडणारा तुषारही अल्प. नाक पोखरणाऱ्या कारणांची दोन्ही मुळे येथे एकदमच तोडण्याचा प्रयत्न आहे.

वाचकांनी यावरून प्रश्न सुटला असे समजू नये. हे द्रव काकवीसारखे दाट असतात, त्यामुळे धातूचे कण त्यांतून सावकाश सरकतात. त्यांतून बसणारा थर नेहमीच्या क्रोमइतका कठीण व चकचकीत करणे सोपे नाही. खर्चाचा प्रश्न आहेच. तीन संयुजेच्या क्रोमियमची पाण्यातील कुंडेही निघाली आहेत आणि आज ती अधिक व्यवहार्य ठरली आहेत. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१७ पासून क्रोमिक आम्लाच्या मूळ पदार्थाचा वापर विशेष परवानगीविना बंद केला, त्यामुळे अशा पर्यायांना चालना मिळाली.

दुसरी सावधगिरी अधिक महत्त्वाची आहे. या लवणांची वाफ जवळजवळ होत नाही, म्हणून प्रारंभी त्यांचा 'निसर्गस्नेही' असा फार गौरव झाला. पुढे तपासणी झाली तेव्हा कळले की १९९० च्या दशकातील काही लवणे पाण्याच्या संपर्कात विघटित होऊन हायड्रोफ्लोरिक आम्ल देतात आणि लांब कार्बनसाखळीची काही लवणे जलचरांस विषारी आहेत. जे हवेत जात नाही, ते नदीत जाऊ शकते. पुणेकरांस मुळा-मुठेकडे पाहून हे निराळे सांगावयास नको.

पाऱ्याच्या वाफेपासून मुक्त करणारे म्हणून १८४० मध्ये सायनाइडचे स्वागत झाले. गंजापासून मुक्त करणारे म्हणून १९२० च्या दशकात क्रोमचे स्वागत झाले. प्रत्येक वेळी वस्तूची चकाकी आधी तपासली गेली आणि कारागिराचे शरीर मागाहून, तेही पुष्कळ जीव गेल्यावर. वाहत्या लवणांच्या इतिहासाचे वेगळेपण आम्हांस एवढेच वाटते की येथे ती तपासणी कारखान्याच्या आधी प्रयोगशाळेतच सुरू झाली. नव्या द्रवाची वाफ किती, तो माशांस मारतो काय, पाण्यात त्याचे काय होते, हे प्रश्न तो बाजारात रुळण्यापूर्वी विचारले गेले. हा क्रम उलटा होऊ न देणे, हीच खरी प्रगती.

आमच्या धर्मग्रामातील कित्येक कुटुंबांतील तरुण भोसरी, पिंपरी, चिंचवडच्या कारखान्यांत काम करतात. त्यांच्या आईवडिलांस आमची एक विनंती आहे. मुलगा मुलाम्याच्या खात्यात असेल, तर पगाराबरोबर हेही विचारावे की कुंडाच्या कडेला हवा ओढून घेणारी यंत्रणा चालू असते काय, आणि नाकातून वारंवार रक्त येते काय. दुखत नाही म्हणून गप्प बसू नये. विज्ञानाची नवी वाट पूर्ण होईपर्यंत जुन्या वाटेवरच्या माणसास सांभाळावेच लागेल.

तो चषक आज वेदीवर आहे. त्याची आतील बाजू पुन्हा सोनेरी झाली आहे. तो हाती घेताना त्यातील सोन्याबरोबर, ज्याने आम्हांस उंबऱ्यावर थांबविले आणि स्वतः मात्र आत राहिला, त्या माणसाचेही स्मरण आम्हांस होते.